दादाला विचारा

यादीतली एकशे सत्तेचाळिसावी नोंद आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि माझा चहा दुसऱ्यांदा गार झाला होता. नऊ दिवस हेच चाललं होतं. शहराला पाणी देणाऱ्या आमच्या खात्यात नवी यंत्रणा यायची होती. त्यासाठी बाहेरून चार जणांची टोळी आली होती आणि बावीस वर्षांपूर्वी मी लिहिलेला पंपघराचा प्रोग्राम ओळीओळीने वाचून ते मला विचारत होते, हे का? हे कशासाठी? हे काढलं तर चालेल का? लग्नानंतर सासूने केली नसेल एवढी माझी उलटतपासणी या नऊ दिवसांत झाली.

टोळीची म्होरकी तिशीतली मुलगी होती. अंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि ती पेन्सिल लिहायला कधीच काढायची नाही, कारण लिहिणं सगळं लॅपटॉपवर. मी मनातल्या मनात तिला पेन्सिलच म्हणायचे. मुलगी वाईट नव्हती. हुशार होती, आणि हुशार माणसांशी दिवसभर बोललं की माझी कंबर दुखते.

"मॅडम, पंप सुरू करायच्या आधी तुमचा प्रोग्राम सात नंबरच्या तारेवर एक सिग्नल सोडतो," ती म्हणाली. "मग अकरा सेकंद नुसता थांबतो. मग पंप सुरू करतो. सात नंबरची तार नकाशात कुठेच जात नाही. म्हणजे कुठेच न जाणारा निरोप पाठवायचा आणि अकरा सेकंद गप्प बसायचं. हे काय आहे?"

"बघू," मी म्हणाले.

"शेजारी तुमचाच शेरा आहे." तिने तो भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. 'काढू नका. दादाला विचारा.'

खोलीत हशा पिकला. कोपऱ्यातला दाढीवाला तर पोट धरून हसला.

"दादा म्हणजे कोण, मॅडम?"

"माझा भाऊ."

मग तर विचारूच नका. मीही हसले, दुसरं काय करणार? वय वर्षं सत्तावन्न, निवृत्तीला उरलेले तीन महिने, आणि आपणच लिहिलेलं भिंतीवर एवढं मोठं.

पेन्सिलला मात्र कारण हवंच होतं, आणि तिचंही बरोबर होतं. आजवर पंप दिवसातून दोनदा सुरू व्हायचे, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. मधेच टाकी फार उतरली तर एखाद वेळी. तेव्हा अकरा सेकंदांनी कुणाचं काही अडत नव्हतं. नव्या यंत्रणेत दोन्ही पंप टाकीतलं पाणी बघून आलटूनपालटून चालणार होते, दिवसातून चाळीसेक वेळा. दर वेळी अकरा सेकंद दाब गेला तर वरच्या मजल्यांवरचे नळ गुरगुरणार आणि लोक आमच्या नावाने शंख करणार.

"उद्या अकराला परत बसू," ती म्हणाली. "कारण मिळालं तर ठेवते. नाही मिळालं तर काढते. सोमवारी सगळं सुरू करायचंय."

अकराच वाजता. मुलीला विनोदबुद्धी होती.

खरी गोष्ट अशी की मी काही विसरले नव्हते, कारण ते कारण मला कधी माहीतच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी दादा त्या पंपघराचा मुख्य फिटर होता आणि मी खात्यातली नवी प्रोग्रामवाली. माझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी आला, ग्रीसचे हात मागे धरून उभा राहिला आणि म्हणाला, पंप सुरू व्हायच्या आधी मला एक तार दे आणि अकरा सेकंद दे. का ते विचारू नकोस. त्या आठवड्यात मी दिवसाला पंधरा बदल करत होते. सोळावा केला. राग आला होता म्हणून शेरा मारला, दादाला विचारा. माझं टेबल तेव्हा पंपघराच्या वरच्याच मजल्यावर होतं, तो जिना उतरून खाली गेलं की भेटायचा. त्याला विचारणं कधी अवघड होईल असं मला वाटलं नव्हतं.

पण तसंच झालं. तेव्हा पंपघरात एका पाळीला सात माणसं असायची. माझा प्रोग्राम नीट चालायला लागला आणि सहा महिन्यांत सातांचा एक झाला. तिघांना घरी पाठवलं, बाकीचे इकडेतिकडे विखुरले, आणि दादाला भांडारात टाकलं, नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवायला. सात वर्षांपूर्वी तो तिथूनच निवृत्त झाला. भांडण असं आमचं झालंच नाही. तो एकदाच म्हणाला, "छोटी, चांगलं लिहिलंस हो." त्यानंतर लग्नकार्यात भेटलो की कशी आहेस, बरी आहे, संपलं. भाऊ गमावायला भांडण लागतंच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

लोकांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे डब्यात बंद असलेली एक हुशार वस्तू असते. मी सव्वीस वर्षं तो डबा उघडून बघते आहे. आत माणसांच्या खोडी असतात. कुणाला तरी सकाळी सहाला पंप हवा होता कारण त्याची पाळी सहाला सुरू व्हायची. कुणी तरी टाकी काठोकाठ भरू नका म्हणाला कारण एकदा त्याच्यावर ओरडा बसला होता. ती माणसं जातात, त्यांच्या खोडी तिथेच राहतात, आणि मग कुणीतरी अंबाड्यात पेन्सिल खोचून येतं आणि विचारतं, हे का? घरात सासू गेल्यावरही तिच्या डब्यांची जागा कुणी बदलत नाही, तसंच ते.

तर दुपारी बस पकडली. गुडघे म्हणत होते नको, पण गुडघ्यांचं ऐकलं असतं तर मी नोकरीच केली नसती.

दार वहिनीने उघडलं. माझ्याकडे बघून तिने छातीवर हात ठेवला. "वन्सं? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही, वहिनी. दादाकडे काम आहे."

"काम?" ती बाजूला झाली. "या. पण ओरडून बोला. कानातलं यंत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये घालून ठेवलंय. म्हणतात, त्यात सगळं ऐकू येतं."

दादा बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन उघडून बसला होता. पंपांच्या आवाजाने त्याचे कान चाळिशीतच गेले होते. मी समोरच्या खुर्चीत बसले. त्याने मान वर केली, कशी आहेस, मी म्हणाले बरी आहे, आणि नेहमीच्या हिशेबाने आमचं बोलणं तिथे संपलं.

"दादा, अकरा सेकंद!" मी ओरडले.

"काय?"

"पंप सुरू व्हायच्या आधीचे! अकरा सेकंद! कशासाठी मागितले होतेस?"

शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला. दादाने फॅनचं पातं पुसलं, उजेडात धरून बघितलं, परत पुसलं.

"तुझ्या मशीनला विचार," तो म्हणाला.

"विचारलं. मशीन म्हणतं दादाला विचारा."

त्याचा हात थांबला. मी त्याला शेऱ्याची गोष्ट सांगितली, पडद्यावर कसा मोठा करून लावला, दाढीवाला कसा हसला, सगळं ओरडून. वहिनी दारात येऊन ऐकत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. दादाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. बावीस वर्षांनी. मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पाणी मागितलं.

वहिनी पाणी आणायला गेली आणि येताना यंत्रही घेऊन आली. दादाने ते कानात घातलं, तोंड वाकडं केलं आणि बोलायला लागला.

पंपघरात मोटरी वर असतात आणि पंप खाली, खोल खड्ड्यात. मोटरीपासून पंपापर्यंत मनगटाएवढा लोखंडी दांडा उभा खाली जातो, आणि त्या दांड्याला मध्येच ग्रीस घालावं लागतं. म्हणजे कुणीतरी शिडीने खाली उतरायचं आणि थांबलेल्या दांड्याला हात घालायचा. नियम असा की आधी वरचा फ्यूज काढायचा आणि खिशात घालून मग उतरायचं, म्हणजे तुम्ही खाली असताना मोटर फिरूच शकत नाही. पण फ्यूज काढला की मुख्य कचेरीत लाल खूण उठायची. मग अर्ज, मग कारण, मग साहेबांची सही काढताना एक आणि लावताना एक. दहा मिनिटांच्या ग्रीससाठी अर्धा दिवस.

"म्हणून फ्यूज कुणी काढायचाच नाही," दादा म्हणाला. "वहीत लिहायचं, काढला, लावला. वेळा सुद्धा लिहायच्या. आठवड्याचं एकदम. अक्षर माझंच चांगलं होतं."

"आणि खाली उतरलेला माणूस?"

"वरचा माणूस पंप सुरू करायच्या आधी पाइपवर पान्याने तीनदा ठोकायचा. खालचा वर आला की एकदा ठोकायचा. मग सुरू. एकोणीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मग तू आलीस. तुझं मशीन आपलं आपण पंप सुरू करणार. मशीनला पाना कुठून आणून देऊ? म्हणून रविवारी जाऊन खड्ड्यात एक लाल दिवा लावला, तुझ्या त्या तारेवर. दिवा लागला की वर या."

"माझ्या माळ्यावरचा होल्डर काढून नेला होता," वहिनी म्हणाली. "मी वर्षभर अंधारात चाचपडले."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून? तू साहेबांना सांगितलं असतंस. तू सरळ होतीस." त्याने यंत्र कानात जरा दाबलं. "सात जणांवर खटला झाला असता."

हे खरं होतं. मी सांगितलंच असतं.

"अकरा कुठून आले?"

"घड्याळ लावून चढलो. अकरा लागले."

"कोण चढलं?"

"मीच की."

त्या वर्षी दादा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायचा. मी विचारलं, "आणि सगळ्यात सावकाश चढणारा?"

"मास्तर. एका पायाने अधू होता. त्याला वीस लागले असते." दादाने पातं खाली ठेवलं. "पण मास्तरला आम्ही खाली पाठवायचोच नाही. त्याला वरचं काम द्यायचो. ठरलेलंच होतं."

कुठे लिहिलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. सात जण असतील तर असं ठरवता येतं. मला ते बसल्याबसल्या कळलं. दादाच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने विचारलं, "आता कोण उतरतं?"

"पैलवान. नाव पडलंय तसं. बावन्न वय, शंभर किलो वजन."

"आणि दुसरा कोण?"

"दुसरा नाही, दादा. एकच असतो."

वहिनीने चहा आणला. फॅनचे स्क्रू वर्तमानपत्रावरून घरंगळत होते आणि दादा ते एकेक करून गोळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी पंपघरात गेले. एक पंप सुरू होता, बोलणं ऐकू येईल इतपत. पैलवान डबा उघडून बसले होते, मला बघून घाईने झाकण लावलं. चांगला माणूस. दर वर्षी पावसाळ्याआधी माझ्या छत्रीची तार न सांगता दुरुस्त करून द्यायचे.

"पैलवान, ग्रीस घालायला उतरता तेव्हा फ्यूज काढता का?"

"म्हणजे काय, मॅडम! वही बघा." वही समोर आली. सहा वर्षांच्या नोंदी, एकाखाली एक, एकही खाडाखोड नाही. एवढी स्वच्छ वही बघितली की माझ्यासारखीला लगेच कळतं.

"पैलवान, आधीचा मुख्य फिटर माझा भाऊ आहे. मी काल त्याच्याकडे होते."

त्यांनी वही मिटली. मग ते हळूच म्हणाले, "चला, दाखवतो."

खड्ड्याच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं. ते उघडून त्यांनी टॉर्च मारली. खाली, भिंतीला, घरगुती होल्डरमध्ये एक लाल दिवा होता, धुळीने काळपटलेला. वहिनीचा होल्डर. माझ्या सात नंबरच्या तारेचं दुसरं टोक. बावीस वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होते.

"दिवा लागला की वर यायचं," पैलवान म्हणाले. "मला आधीच्याने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने."

"किती वेळा लागला, तुम्ही खाली असताना?"

"वर्षाला दोन-तीनदा."

मी त्यांना म्हटलं, एकदा चढून दाखवा. या वेळी बंद असलेल्या पंपाचा फ्यूज मी स्वतः काढला, माझ्या पर्समध्ये ठेवला, कचेरीत लाल खूण उठली तर उठू दे. ते उतरले. मी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि हाक मारली. एक एक पायरी, धापा टाकत, मध्ये एकदा थांबून. सत्तावीस सेकंद.

"मशीन अकराच थांबतं, पैलवान."

"माहीत आहे की." ते कपाळ पुसत हसले. "म्हणून मी चढायलाच जात नाही. दिवा लागला की हातातलं टाकून भिंतीला चिकटून उभा राहतो. पोट आत घेतो." त्यांनी हाताने अंतर दाखवलं, वीतभर. "दांडा पुढून फिरतो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, थांबेल तोवर. शर्ट तेवढा आत खोचावा लागतो."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

"भीती नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. मग म्हटलं, कशाला? मशीनला माहीत असतं ना मी खाली आहे ते. म्हणून तर दिवा लावतं." ते मला धीर देत होते. मला! "तुम्हीच लिहिलंय ना ते? फार विचार करून लिहिलंय, मॅडम. मी घरी पण सांगतो."

मशीनला काही माहीत नव्हतं. ते खाली कुणी असो, नसो, दिवा लावत होतं आणि अकरा मोजत होतं. ज्या बाईला माहीत असायला हवं होतं, तिने विचारलंच नव्हतं. मी त्यांना हे सगळं सांगितलं. सोमवारपासून पंप दिवसातून चाळीस वेळा सुरू होणार आणि तो दिवाही जाणार, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना.

"फ्यूजचं तेवढं बोलू नका, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "वहीवर माझी सही आहे. घर माझ्या एकट्यावर आहे."

"बघते," मी म्हणाले.

कचेरीपर्यंतच्या बसमध्ये मी एक खोटं कारण तयार केलं. चांगलं होतं. पंप एकदम सुरू केला की पाइपात पाण्याचा दणका बसतो, जुने पाइप आहेत, अकरा सेकंद हवेत. पेन्सिलने मान डोलावली असती. अकरा सेकंद राहिले असते, पैलवानांची नोकरी राहिली असती, दादाची वही मिटलेलीच राहिली असती, आणि मी तीन महिन्यांनी पुष्पगुच्छ घेऊन घरी गेले असते. फक्त पैलवान दिवसातून किती तरी वेळा भिंतीला चिकटून उभे राहिले असते, पोट आत घेऊन, शर्ट खोचून, मशीनवर विश्वास ठेवून. मी फार थकले होते. थकलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं असं म्हणतात, पण ते लक्षात ठेवायला जी ताकद लागते ती माझ्यात उरली नव्हती.

अकरा वाजता खोलीत टोळी होती आणि आमचे साहेबही येऊन बसले होते, कारण फ्यूजची लाल खूण त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"मिळाला दादा?" दाढीवाल्याने विचारलं.

"मिळाला," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. पाना, दिवा, होल्डर, मास्तर, वीतभर जागा. अकरा हा आकडा चुकीचा आहे, कारण तो सगळ्यात चपळ माणसाला चढवून मोजला होता. सावकाश माणसाला खाली न पाठवण्याची सोय सात जण होते तोवर होती, आणि ते सात जण माझ्या प्रोग्रामने संपवले. ओळ मी लिहिली, का ते न विचारता. बावीस वर्षं चूक माझी आहे, ती माझ्यावर घ्या.

कुणी हसलं नाही. पेन्सिलने अंबाड्यातली पेन्सिल काढली, नुसतीच हातात धरली. "आम्ही कागद वाचले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "कागदात लिहिलंय, पंप सुरू असताना खाली कुणी नसतं."

"कागद आमच्याच अक्षरात आहेत," मी म्हणाले.

तिने दहा मिनिटांत उपाय सांगितला. खड्ड्याच्या झाकणाला एक स्विच लावायचा. झाकण उघडं असेल तर पंप सुरूच होणार नाही, कितीही वेळ. झाकण मिटलं की सेकंदभरही थांबायला नको, नळ गुरगुरणार नाहीत. दुपारी वायरमन आला आणि चाळीस मिनिटांत स्विच लावून गेला. बावीस वर्षं आणि चाळीस मिनिटं. मी तिथे उभी राहून झाकण चार वेळा उघडून मिटून बघितलं.

साहेबांनी मात्र वही मागवली. मी त्यांच्या खोलीत दोनदा गेले. म्हटलं, त्यांना सोडा, मला नोटीस द्या. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचे तीन महिने राहिलेत, कशाला उगाच?" मायेने म्हणाले, तेच सहन झालं नाही. सहा वर्षं खोट्या नोंदी केल्या म्हणून पैलवानांकडून खुलासा मागवला आणि त्यांची बदली केली. भांडारात. नटबोल्टांच्या खोक्यांकडे.

सोमवारी नवी यंत्रणा सुरू झाली आणि नळांना पाणी आलं. त्या दिवशी मला पैलवान फाटकात दिसले. मी पुढे गेले.

"तुम्ही बघते म्हणालात, मॅडम," ते म्हणाले आणि माझ्या शेजारून निघून गेले.

पेन्सिलने माझ्याकडून शेवटचं एक काम करून घेतलं. नव्या प्रोग्राममध्ये झाकणाच्या ओळीपुढे शेरा तुम्हीच लिहा, असं ती म्हणाली. मी लिहिलं, 'झाकण उघडं असेल तर पंप सुरू करू नका. खाली माणूस असतो.' त्याखाली त्यांच्या पद्धतीप्रमाणे एक रकाना होता, अधिक माहिती कोणाकडे. मी पैलवानांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, भांडार. पेन्सिलने ते वाचलं आणि तसंच राहू दिलं.

रविवारी दादाकडे गेले. या वेळी वहिनीने कुणी गेलं का असं विचारलं नाही. मी तिच्यासाठी एक नवा होल्डर घेऊन गेले होते, तो तिने हातात फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "आता माळ्यावर चढतंय कोण!" फॅन जोडून तयार होता, फिरतही होता. दादाने यंत्र आधीच कानात घातलेलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं, न ओरडता. स्विच, वही, बदली, फाटक.

"दादा, मी त्याचा जीव वाचवला ना?"

"वाचवलास."

"मग तो माझ्याशी बोलत का नाही?"

दादाने उठून फॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं. मला घाम आला होता हे त्याने बघितलं असावं.

"बोलेल, छोटी," तो म्हणाला. "मला बावीस वर्षं लागली."